मिठाचा अंगठा

एके काळी माझ्या पोटात काहीही नव्हते, मित्रांनो, आणि तीच माझी श्रीमंती होती. मी एक जुनी काचेची पेटी आहे. तुमच्या कंपासपेटीहून थोडी मोठी, एका टोकाला लांब मान असलेली. माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग आहे. तो घासून जात नाही. माझी सगळी गोष्ट त्या डागाची आहे, म्हणून आधीच त्याची ओळख करून दिली.

माझा जन्म एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर झाला. तिथे काचकाम करणाऱ्या काकांची खोली होती. कोपऱ्यात काचेच्या नळ्या छत्र्यांसारख्या उभ्या असत, बर्नरची निळी ज्योत फुसफुसत असे आणि खोलीला नेहमी तापलेल्या धुळीचा वास येई. साध्या काचेला काका फारसे जपत नसत. मी मात्र क्वार्ट्झची. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्याच घराण्यातली, पण नखशिखांत शुद्ध. तिला उघडा हात लावायचा नाही, असा काकांचा नियम होता. माणसाच्या घामात मीठ असते. बोट टेकले की ते मीठ काचेवर राहते, आणि ती काच भट्टीत गेली की नेमकी तिथे पांढरी पडते. बोटाच्या रेघांसकट. मग जन्मभर घासा, काही उपयोग नाही.

हा नियम काका कोणालाही सुनावत. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एकदा मला बघायला खाली आल्या आणि त्यांनी कौतुकाने हात पुढे केला, तेव्हा काका म्हणाले, "बाई, हात मागे. काचेला नजर लागत नाही, बोट लागतं."

बाईंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले.

काकांनी सपाट पट्ट्या ज्योतीवर एकमेकींना जोडून मला घडवले. जोड इतके नितळ, की ते कुठे आहेत ते मलाही सांगता येणार नाही. शेवटी अंगातला ताण जावा म्हणून मला भट्टीत ठेवायचे होते. भट्टीची कळ फिरवायला काकांनी उजव्या हातातला मोजा काढला. मग त्यांना वाटले, मी थोडी पुढे राहिले आहे. माझ्याखालची पट्टी आत सरकवायला त्यांनी हात घातला, आणि त्यांचा अंगठा पट्टीवर न पडता माझ्या कोपऱ्यावर पडला. क्षणभरच. उबदार, किंचित ओला.

जगातल्या सगळ्यांना बजावणारा माणूस मला उघड्या हाताने शिवत होता. मला वाटले, निरोपाचा हात असेल. दार बंद झाले आणि मी तापू लागले.

बाहेर आल्यावर काकांनी मला दिव्यासमोर धरून पुन्हा पुन्हा फिरवले. त्यांना काही दिसले नाही. डाग फिकट होता, आणि तिरका प्रकाश पडल्याखेरीज तसा कोणालाच दिसला नसता.

मला वर न्यायला काकांची लेक आली. ती बाईंच्या हाताखाली संशोधन करत होती. लिफ्ट धक्का देते म्हणून तिने मला दोन्ही हातांत धरून जिन्याने नेले. मागून काका ओरडले, "पायाकडे बघ, काचेकडे नको. काच कुठं पळून नाही जात!"

"बाबा, मी पडले तर?"

"तर तू उठशील. ती उठणार नाही."

वरच्या खोलीत एक मोठे पोलादी टेबल होते. त्यावर वीतभर उंचीचे शेकडो आरसे आणि भिंगे, भोवती काळा पडदा. माझी मान धातूच्या नळीला जोडली, मला चंदेरी कागदात गुंडाळून कित्येक दिवस तापवले, आणि पंप माझ्यातली हवा ओढत राहिला. अखेर माझ्या पोटात इतके थोडे उरले, की आकाशातल्या ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेनेही म्हणावे, ये गं, तू आमच्यातली.

मग माझे काम सुरू झाले.

माझ्यात सोडियमचे अणू सोडत. तुमच्या जेवणातल्या मिठात असतो तोच सोडियम. साध्या खोलीत त्याचे अणू बंदुकीच्या गोळीसारखे धावतात. त्यांना थंड करायचे म्हणजे त्यांची धावपळ थांबवायची. सगळ्या बाजूंनी पिवळा लेझर येई आणि पळणाऱ्या अणूला समोरून हलकेच ढकलत असे. थोड्याच वेळात माझ्या मधोमध एक पिवळा गोळा तरंगू लागे, वाटाण्याएवढा, देवाने विसरलेल्या दिव्यासारखा. पुढे उरलेल्यांतले जास्त खोडकर अणू निवडून बाहेर जाऊ देत. चहावर फुंकर घातली की वाफेबरोबर ऊब निघून जाते, तसेच ते. शेवटी राहिलेले अणू इतके शांत होत, की मी वेगळा आणि तू वेगळा हे त्यांच्यात उरतच नसे. सगळे मिळून एकच लाट.

माझे कौतुक खूप झाले. एकदा शाळेची मुले आली. जगातली सर्वांत थंड जागा बघायला जायचे म्हणून सगळ्यांनी स्वेटर आणि कानटोप्या घातल्या होत्या. खोलीत तर पंपांमुळे उकडत होते. एक मुलगी रुसून म्हणाली, "कुठाय थंडी?"

बाईंचे सहकारी तिला उत्तर द्यायला पुढे झाले. हे गृहस्थ बाराही महिने गळ्यात मफलर गुंडाळत, म्हणून त्यांना सगळे मफलरच म्हणत. "थंडी हिच्या पोटात आहे," ते म्हणाले. "बाहेर येईल कशी? मधे काहीच नाही ना. यायला रस्ताच नाही."

"मग तुम्ही मफलर का घातलाय?"

मफलरांनी मफलरचे टोक शर्टात खोचले. त्या दिवशी बाई कितीतरी वेळ हसत होत्या.

अशी दोनेक वर्षे गेली. मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "आता यात थोडी भेसळ करू या."

मला धक्काच बसला. जन्मापासून शुद्धतेचे धडे गिरवलेली मी! पण बाईंनी लेकीला समजावले ते मीही ऐकले. "हे बघ, सगळे एकसारखे असले की कोणी काही बोलत नाही. एखाद्या घराची रीत कळायला हवी असेल, तर तिथे पाहुणा पाठवावा. घरचे त्याला कसं वागवतात, यावरून घर कळतं."

पाहुणा ठरला पोटॅशियमचा अणू. लाखो सोडियम अणूंच्या थंडगार जमावात मोजकेच पोटॅशियम सोडायचे. असा परका अणू आत आला, की भोवतीचे शेजारी त्याच्याकडे ओढले जातात किंवा थोडे दूर सरतात. काहीही झाले तरी तो एकटा राहत नाही. सरकला तर शेजाऱ्यांचा गराडा बरोबर घेऊन सरकतो, आणि त्यामुळे जडही होतो. लग्नघरात लहान मूल जसे दहा हातांतून पुढे जाते, तसा. पाहुण्याच्या या नव्या रूपाला पोलारॉन म्हणतात. त्याची चाल बघायची आणि त्यावरून जमाव कसा आहे ते ओळखायचे, हे लेकीचे काम होते.

त्याच दिवसांत लेक दुसऱ्या एका काळजीत होती. टेबलापाशी आरसे जुळवताना ती मफलरांशी बोले.

"बाबांनी काल परत कप टेबलाच्या बाहेर ठेवला. सगळा चहा जमिनीवर."

"वय झालं की होतं असं."

"वरून म्हणतात, टेबल कोणी सरकवलं? परवा दाराच्या चौकटीला खांदा आपटला. तेव्हा म्हणे दार सरकलं होतं."

"डॉक्टरांना डोळे दाखव की त्यांचे."

"ऐकतात कुठं! म्हणतात, जन्म गेला आगीकडे बघण्यात, डोळा पार शिजलाय. शिजलेलं नासत नाही. आणि काम तर व्यवस्थित करतात हो. तुम्हीच बघा ही पेटी. कुठं एक चरा तरी आहे?"

मला बोलता आले असते, तर मी तेव्हाच बोलले असते.

पाहुणे अणू दिसावेत म्हणून लेकीने एक नवा किरण बसवला. जुन्या किरणांना माझ्या मधल्या भागाची वाट होती. हा नवा वरच्या उजव्या कोपऱ्यातून आत येई आणि पलीकडच्या कॅमेऱ्यात जाई. पहिलेच छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर आले आणि मफलर खुर्चीवरून उठले.

पडद्यावर वर्तुळाकार रेघा होत्या. एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

"लाटा!" मफलर म्हणाले. "पाहुण्याभोवती लाटा उठल्यात! असं कोणी पाहिलंय का आजवर?"

लेक संगणकाजवळ सरकली. तिने तोंडावर हात ठेवला होता. दुसरे छायाचित्र घेतले, तिसरे घेतले, रेघा होत्याच. मफलरांनी गळ्यातला मफलर काढून हवेत फिरवला. आम्ही तो पहिल्यांदाच गळ्याबाहेर पाहिला. शेजारच्या खोलीतली माणसे गोळा झाली. कोणीतरी चॉकलेटे आणली.

बाई आल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडदा न्याहाळला आणि एवढेच विचारले, "रिकामं छायाचित्र कधीचं आहे?"

मित्रांनो, अशा कामाची एक पद्धत असते. अणू असताना एक छायाचित्र घ्यायचे आणि अणू नसताना, पेटी रिकामी असताना, एक घ्यायचे. पहिल्यातून दुसरे वजा केले की काचेवरची धूळ, आरशांचे डाग, सगळे निघून जाते आणि फक्त अणू उरतात. मफलरांनी घाईत कालचे रिकामे छायाचित्र वापरले होते. काल किरण या कोपऱ्यात नव्हताच.

"पेटी रिकामी करा," बाई म्हणाल्या. "आणि आता घ्या."

माझ्यात एकही अणू नव्हता. रेघा तशाच होत्या.

ज्याने चॉकलेट तोंडात टाकले होते, त्याने चावणे थांबवले. मफलरांनी मफलर पुन्हा गळ्यात गुंडाळला, नेहमीपेक्षा एक वेढा जास्त. "माझंच चुकलं," ते पुटपुटले. माणसे एकेक करून गेली.

लेक मात्र जागची हलली नाही. "काहीतरी काचेवर आहे," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याचे भिंग हळूहळू मागे सरकवू लागली. आतापर्यंत ते माझ्या पोटातल्या अणूंवर रोखलेले होते. आता ते माझ्या अंगावर आले. पुसट रेघा सरकल्या, जवळ आल्या, आणि एकाएकी स्वच्छ झाल्या.

पडदाभर एक अंगठा होता.

"कोणाचा रे हा?" मफलर चिडले. "कोणी हात लावला पेटीला? आता सगळ्यांचे ठसेच घेतो!"

"नका घेऊ," लेक म्हणाली.

अंगठ्याच्या रेघांना छेदत एक तिरकी, कोरी पट्टी गेली होती. जुन्या जखमेची खूण. लेकीच्या जन्माआधी काचेच्या नळीने कापलेला तो अंगठा होता. चालायला शिकताना तिने तोच मुठीत धरला होता.

"बाबांचा आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "बाबांचा कसा असेल?"

तिला राग आला नव्हता, हे मी जवळून पाहिले. ती घाबरली होती. मफलरांना अजून कळले नव्हते. बाईंना कळले होते. त्या म्हणाल्या, "चूक कोणाची ते शोधू नकोस. ती चूक काय सांगते ते बघ. हेच करतोय ना आपण इतके दिवस?"

त्याच दुपारी काका वर आले. लेकीने त्यांना फोनवर फक्त "पेटीवर बोट दिसतंय" एवढेच सांगितले होते. दारातूनच त्यांचा आवाज आला. "माझ्या क्वार्ट्झवर बोट? कोणी ठेवलं? समोर आणा त्याला. दोन वर्षं जिवापाड जपलेली काच—"

त्यांचा खांदा टेबलाभोवतीच्या काळ्या पडद्याच्या लोखंडी दांडीवर आपटला.

"ही दांडी नवीन लावली का?"

"नाही, बाबा," लेक म्हणाली. "पहिल्यापासून आहे."

तिने त्यांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवले. काका बोलता बोलता थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग आपला उजवा अंगठा वर केला, मग पुन्हा पडद्याकडे.

"मी तर पट्टी धरली होती," ते म्हणाले.

"समोर बघा, बाबा. फक्त त्या ठशाकडे. नजर हलवू नका." लेक त्यांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने हात लांब करून बोटे हलवली. "माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

तिने हात पुढे आणला. आणखी पुढे आणला. तो काकांच्या नाकासमोर येण्याच्या बेतात होता तेव्हा ते म्हणाले, "हा. आता दिसला. आत्ताच वर केलास ना?"

लेकीने मान वळवली. काकांनी तिला नाही पाहिले. मी पाहिले.

मग काकांनी तो अंगठा मुठीत मिटला. अखेर म्हणाले, "मला वाटायचं, वस्तूच हल्ली जागेवर राहत नाहीत." आणि मग, लहान मुलाने विचारावे तसे, "ज्योत दिसायची बंद होईल का गं?"

"उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ."

"उद्या भट्टी लावायची आहे."

"बाबा."

"बरं."

बातमी मला काकांच्याच तोंडून कळली. दोन दिवसांनी ते वर आले आणि बाईंना म्हणाले, "काचबिंदू निघाला. बघा, जन्मभर काचेचं केलं, शेवटी ती डोळ्यात राहायला आली."

बाई हसल्या नाहीत. "डॉक्टर काय म्हणाले?"

"बाजूचं गेलं ते गेलं. दुखत नाही, कळत नाही, चोरासारखं जातं म्हणे. पण समोरचं शाबूत आहे. रोज औषधाचे थेंब घातले तर टिकेल. म्हणाले, आणखी वर्षभर आला नसतात तर मी काही करू शकलो नसतो." त्यांनी मग माझ्याकडे मान वळवली, पूर्ण, मी नीट समोर येईपर्यंत. "ही चुगलखोर निघाली म्हणून वाचलो."

माझे इतके कौतुक शाळेच्या मुलांनीही केले नव्हते.

लेकीने किरण केसभर खाली सरकवला आणि डागाला वाट सोडून दिली. ताजे रिकामे छायाचित्र घेतले. पोटॅशियमचे पाहुणे पुन्हा आले. यावेळी पडद्यावर लाटा नव्हत्या, वर्तुळे नव्हती. आलेखावर एक छोटी टेकडी होती, आणि ती एकट्या पोटॅशियमच्या जागेपासून किंचित बाजूला सरकली होती. बस. पाहुण्याला शेजारी भेटल्याची तेवढीच खूण. चॉकलेट कोणी आणले नाही. लेकीने ती टेकडी पुन्हा पुन्हा मोजली, आणि ती प्रत्येक वेळी तिथेच होती. मग तिने खुर्चीवर मागे डोके टेकवले आणि डोळे मिटले.

डाग असलेल्या पेटीवर पुढचे काम होणार नव्हते. नवी पेटी काकांनीच केली. लेक त्यांच्या उजव्या हाताला बसली होती, असे मफलर सांगत होते. काका ज्योतीकडे बघत, आणि ती हळूच म्हणे, "बाबा, उजवीकडे पट्टी." काका म्हणत, "माहीत आहे." दर वेळी ती म्हणे, आणि दर वेळी ते म्हणत.

मग माझी मान सोडवली. सुस्स आवाज झाला आणि इतक्या वर्षांनी माझ्यात हवा शिरली. श्वास म्हणजे हाच का, असे मला वाटले.

त्यानंतरचे दिवस सांगायला मला आवडत नाही. मला एका फळीवर ठेवले, तांब्याच्या जुन्या वेटोळ्यांशेजारी. धूळ बसली. ज्या पोटात कणभर हवा चालत नव्हती, त्यात मफलरांनी मानेतून पेने आणि एक स्क्रू ड्रायव्हर ठेवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना पेने ठेवायला काहीतरी हवे होते. पण नव्या पेटीत पिवळा गोळा तरंगू लागे, तेव्हा काळ्या पडद्याच्या फटीतून त्याचा उजेड माझ्यावर पडे, आणि मला माझा डाग तेवढा उजळलेला जाणवे. गंमत बघा. त्या गोळ्यातही सोडियम, आणि माझ्या डागातही घामातल्या मिठाचा सोडियमच. एक आत नाचणारा, एक बाहेर गोठलेला.

काका निवृत्त झाले त्या दिवशी संस्थेने त्यांना विचारले, आठवण म्हणून काय देऊ? ते फळीपाशी आले. मान डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवत त्यांनी मला शोधले, आतली पेने काढून मफलरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही."

आता मी त्यांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर असते. थेंबांची बाटली माझ्याशेजारी असते. सकाळी थेंब घालून झाले, की ते डोळे मिटून बसतात आणि हाताने मला चाचपतात. हातमोजे नाहीत. मला आता कोणी रागावत नाही, त्यांनाही नाही.

मित्रांनो, काच स्वच्छ ठेवा, हे मी काचेची असून कशाला नाही म्हणू? पण डाग पुसण्याआधी त्याला एकदा विचारा, तू कोणाचा, इथे कसा आलास? आणि तुमच्या घरातले कोणी कप टेबलाच्या बाहेर ठेवू लागले, चौकटीला खांदा आपटून दाराला बोल लावू लागले, तर हसून सोडून देऊ नका. त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहा. हात वर करा. विचारा, दिसतोय का?

काल लेक आली होती. तिने चहा आणला आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, उजवीकडे कप."

"माहीत आहे," काका म्हणाले.

त्यांचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर होता, जुन्या जागी, रेघेवर रेघ. दुसऱ्या हाताने त्यांनी कप घेतला. एक थेंबही सांडला नाही.